थोरलीच्या खांद्यामागून

मित्रांनो, शाळेच्या कपाटात, मोडक्या पृथ्वीगोलाच्या शेजारी एक काळा डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. डबा म्हटलेलं मला मुळीच आवडत नाही, पण तुम्ही सगळे तसंच म्हणता, म्हणून ओळख पटावी एवढ्यासाठी सांगितलं. पोटात कॅसेट घातल्याशिवाय माझं काही चालायचं नाही, आणि आता कॅसेट कुठे मिळते?

माझी घडण कारखान्यातली, पण मला शहाणं केलं (म्हणजे मला तसं वाटायचं) ते एका लग्नाच्या फोटोग्राफरनं. मोठा हौशी माणूस! हॉलमध्ये शिरला की त्याचा एकच घोषा, "चेहरा धर, चेहरा! लोक चेहरेच बघतात." मग मी नवरीचा चेहरा धरायचो, तिच्या वडिलांचा भरून आलेला चेहरा धरायचो, आणि अर्धा घास तोंडात असताना दचकलेल्या एखाद्या काकांचाही धरायचो. मी समोर आलो की भलेभले केस सारखे करत. दहा वर्षं असं झाल्यावर कुणाच्याही अंगात ताठा शिरेल. माझ्याही शिरला.

मग हलके, चकचकीत कॅमेरे आले आणि मी फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेलो. तिथे किती दिवस पडलो होतो, विचारू नका. भिंगाला बुरशी चढते की काय, या धास्तीनं जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी मला खाली उतरवलं ते तुमच्या मोठ्या बाईंनी. तेव्हा त्या मोठ्या नव्हत्या, नुकत्याच शिक्षिका झाल्या होत्या.

"चालतो का हो?" त्यांनी विचारलं.

"चालतो, पण म्हातारा झालाय," फोटोग्राफर म्हणाला.

"चालेल. मला म्हाताऱ्या माणसांजवळच बसायचंय," बाई म्हणाल्या.

असा मी तुमच्या नदीकाठी आलो. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या या नदीवर जगलेली. मासे धरायला ती वेताच्या काड्यांचा सापळा विणत आणि झाडाच्या सालीच्या दोरीनं बांधत. दोन काड्यांमध्ये करंगळीएवढी फट ठेवायची, म्हणजे पिल्लं निसटून जातात आणि मोठा मासा तेवढा राहतो. किती साधी गोष्ट, पण तिच्यात नदीची केवढी काळजी! हे सगळं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते फक्त बाईंच्या मावशीच्या हातात उरलं होतं. सगळं गाव तिला थोरली म्हणायचं. आणि तेच हात आखडत चालले होते. वर्षभरात मूठसुद्धा वळायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलं गावापासून दूर, या शाळेच्या वसतिगृहात शिकायला, ती सुट्टीपुरती घरी यायची. म्हणून बाईंना घाई झाली होती.

पहिल्या दिवशी बाईंनी मला स्टँडवर चढवून थोरलीच्या बरोब्बर समोर ठेवलं.

थोरलीनं भुवया उंचावल्या. "हा समोर का बसलाय गं? शिकणाऱ्यानं मागे बसायचं असतं."

"अगं मावशी, मागून तुझा चेहरा कसा दिसणार?"

"चेहरा काय मासे पकडणार आहे?"

सगळे हसले. मला मात्र राग आला. चेहऱ्यावर आयुष्य काढलेला मी, आणि ही बाई मला शिकवणार? मी हट्टानं तिच्या सुरकुत्या टिपल्या, ओठांत धरलेली दोरी टिपली, डोळ्यांतलं मिश्कील हसू टिपलं. हातही दिसत होते, नाही असं नाही. फिल्म शाळेत दाखवली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. जो तो येऊन म्हणे, "वा! काय चित्रण आहे!" मी फुगून दुप्पट झालो.

सुट्टीत मुलांनी ती फिल्म बघून बारा सापळे विणले आणि वाजतगाजत नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, बाराच्या बारा सापळ्यांच्या दोऱ्या सैल पडून काड्या पाण्यावर तरंगत होत्या. एक मुलगी तर हुंदके देऊन रडली. थोरलीनं एक सापळा मांडीवर घेतला, दोरीवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "हे समोरून शिकलेलं काम आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. सालीची दोरी वळताना तिला एका बाजूनं पीळ देतात. काड्यांवर ती त्याच बाजूनं फिरवली तर पीळ घट्ट होतो, उलटी फिरवली तर सुटत जातो. समोरून बघणाऱ्याला थोरलीचा उजवा हात डावीकडे दिसतो. मुलांनी जसं दिसलं तसंच केलं, आणि प्रत्येक वेढा उलटा पडला. म्हणून तर इथे शिकणारा नेहमी शिकवणाऱ्याच्या मागे बसायचा, खांद्यावरून बघायचा. म्हणजे त्याचे हात आणि आपले हात एकाच बाजूला.

मित्रांनो, मला इतकी लाज वाटली! चूक मुलांची नव्हती, चूक माझ्या चेहऱ्याच्या वेडाची होती. आणि एव्हाना थोरलीचा अंगठा नीट वळेनासा झाला होता.

"एक सापळा होईल माझ्याच्यानं. दुसरा नाही," ती म्हणाली.

या वेळी बाईंनी मला थोरलीच्या मागे ठेवलं. माझ्यासमोर तिचा खांदा, पांढऱ्या केसांची एक बट आणि खाली दोन हात. चेहरा नाहीच. ती बोलत होती, "वरून घे, आत घाल, ओढ." निम्मा सापळा झाला, आणि हात थांबले. अंगठा दोरी ओढेना. तिनं पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मला वाटलं, संपलं.

"ये इकडे," थोरली म्हणाली.

"मला येत नाही गं, मावशी. मी कधी बसलेच नाही तुझ्यामागे. आधी शिकायला गेले, नंतर या कॅमेऱ्यामागे उभी राहिले." बाई म्हणाल्या.

"मग आता बस. तो डबा एकटा राहील."

बाई मला सोडून पुढे गेल्या आणि थोरलीच्या पाठीला टेकून बसल्या. खांद्यावरून वाकून त्यांनी आपले हात तिच्या हातांखाली सरकवले. चार हात विणू लागले. हळूहळू म्हातारे हात वर नुसते टेकलेले राहिले, मग तेही बाजूला झाले. शेवटचा वेढा दोनच हातांनी घातला. माझी कॅसेट संपायला आली होती. मी जीव मुठीत धरून चालत राहिलो आणि ती गाठ बसलेली टिपली.

तो सापळा नदीत टिकला. पुढच्या वर्षी थोरली गेली.

ती फिल्म आता बाईंच्या संगणकात आहे आणि तुम्ही ती बघूनच शिकता. चार हात दिसले की दर वर्षी कुणीतरी विचारतं, "बाई, यातले तुमचे कुठले?" आणि बाई दर वर्षी खिडकीकडे बघतात. थोरलीला बघावंसं वाटलं की त्या माझी ती पहिली, फसलेली फिल्म लावतात. तेवढा एक चेहरा माझ्यामुळे राहिला. त्यावर मी समाधान मानतो.

माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी रुसणार नाही. एवढंच करा, तुमच्या घरी कुणाचे हात अजून चालत असतील, तर फिल्म नंतर काढा. आधी जाऊन त्यांच्या मागे बसा.