वेंडेलच्या पुस्तकातली बाई

वेंडेलने आमच्या कारखान्यात पाय ठेवला तेव्हाच मी म्हटलं होतं, हा माणूस कामाला आलाय की लिहायला? काम करायचा, नाही म्हणत नाही. रस्त्यावरचं बर्फ ढकलायच्या गाड्यांना पुढे लावतात ती लोखंडी पाती आम्ही बनवतो. त्यांच्या ऑर्डरी, माल, बिलं, पगार, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवून द्यायला आमच्या मालकांनी, आर्नींनी, त्याला शिकागोहून बोलावलं होतं. दिवसभर तो आमच्यात बसायचा आणि संध्याकाळी हॉटेलवर जाऊन आमच्यावर ब्लॉग लिहायचा. त्या ब्लॉगचं पुढे पुस्तक होणार होतं म्हणे, प्रकाशकसुद्धा ठरला होता.

नावं बदलायचा बिचारा. पण विस्कॉन्सिनमधल्या एवढ्याशा गावात नावं बदलून काय होतंय? 'रंगखात्यातले मिशाळ गृहस्थ' म्हटलं की अख्ख्या चर्चला कळायचं कोण ते. मीटिंगमध्ये हा गोडगोड बोलणार, आणि त्याला आपल्याबद्दल खरं काय वाटतं ते बघायला आपण ब्लॉग उघडायचा, अशी तऱ्हा होती.

मी त्यात 'पिवळ्या स्वेटरवाली बाई' होते. जुन्याला चिकटून बसलेली, बदलाला घाबरणारी. का, तर पहिल्या आठवड्यात मी जरा जास्त प्रश्न विचारले. आमच्या ऑफिसात हीटर धड चालत नाही, म्हणून स्वेटर लागतो. ते वाचल्यावर मी तो घालायचाच सोडला. गारठून बसायचे, पण घातला नाही. दीड वर्षात निवृत्त व्हायचं होतं मला. तेवढे दिवस कोणाच्या अध्यातमध्यात न पडता काढायचे, एवढंच ठरवलं होतं.

मग चाचण्या सुरू झाल्या. प्रत्येक खात्याने आपलं काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघायचं, जमलं की बटण दाबायचं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या खात्याचा चौकोन हिरवा व्हायचा. ज्याचा चौकोन आधी हिरवा, त्याचं ब्लॉगवर कौतुक. दोन आठवड्यांत पडदा नुसता हिरवागार. राहिला होता तो फक्त माझा चौकोन.

मी ट्रकच्या बिल्ट्या, म्हणजे मालाबरोबर जायचे कागद, बनवते. मालाचं वजन लिहिल्याशिवाय बिल्टी होत नाही, आणि बिल्टीशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही पातं निवडा, वजन शून्य! लहान पातं शून्य, दोन माणसांना उचलत नाही ते मोठं पातंही शून्य. आणि ऑक्टोबर संपत आलेला. सोमवारी जुनं सॉफ्टवेअर बंद होणार होतं, आणि सगळ्या काउंट्या, म्हणजे आमच्याकडचे जिल्हे, रस्त्यांसाठी पाती मागायला लागल्या होत्या.

मी तडक गोदामात ड्युएनकडे गेले. वजनं भरायचं काम त्याच्या खात्याचं.

"ड्युएन, तुझा चौकोन हिरवा कसा रे झाला?"

"बटण दाबलं."

"आणि माल पाठवून बघितलास?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "हे बघ लव्हॉन, मागच्या आठवड्यात त्याने रंगखात्याच्या डेलवर काय लिहिलंय वाचलंस ना? डेलच्या सासूने त्याला फोन करून विचारलं. मला नाही बाबा कोणाच्या पुस्तकात बावळट म्हणून जायचं."

"अरे पण सोमवारी ट्रक अडकले तर?"

"बाकीच्यांनी तरी कुठे तपासलंय? सगळ्यांनीच दाबलं."

खरंच सगळ्यांनी दाबलं होतं. मी खात्याखात्यात जाऊन विचारलं, तर एकेक जण बुटांकडे बघायला लागला. गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगा रे बाबांनो, म्हटलं, तर म्हणे तूच सांग, तुझं नाव तसंही खराब झालंय. असा राग आला मला! पण खोटं नव्हतं ते.

गुरुवारी आर्नींनी एकेकाला विचारलं. तयार? तयार. तयार? तयार. ड्युएनही "तयार" म्हणाला, खाली मान घालून. मग माझी पाळी आली.

"नाही," मी म्हटलं.

वेंडेल हसला. थकलेलं हसू होतं ते. त्याचे डोळेही सुजलेले होते. पुस्तक नाताळच्या आत द्यायचं होतं त्याला. "लव्हॉन, आपण यावर बोललोय ना? नवीन गोष्टीची धास्ती वाटणं साहजिक आहे."

"धास्ती राहू दे. मला एक बिल्टी काढून दाखव."

त्याने काढायला घेतली. सॉफ्टवेअरने नाही म्हटलं. दुसरं पातं घेतलं, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळीही तेच.

"वजनं कोणी भरायची होती?" आर्नींनी विचारलं.

 ड्युएनचे कान लालबुंद झालेले. त्याचं घर, मुलीचं कॉलेज, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. "राहिलं असेल कोणाकडून तरी," मी म्हटलं. "पण सोमवार नको. बर्फ येतंय."

आर्नींनी सगळं एप्रिलवर ढकललं. बाहेर आल्यावर कॉफीच्या यंत्रापाशी एकेक जण येऊन माझ्या खांद्याला हात लावून गेला. डेलने बायकोने केलेल्या वड्या दिल्या. ड्युएन म्हणाला, "तू होतीस म्हणून वाचलो गं." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्या रात्री शांत झोपले.

सकाळी नाश्ता करताना ब्लॉग उघडला. वेंडेलने लिहिलं होतं, की सगळा कारखाना तयार होता, एक सोडून सगळे चौकोन हिरवे होते, आणि एका बाईच्या भीतीपायी सहा महिने वाया गेले. न निघालेल्या बिल्टीचा कुठे उल्लेखच नव्हता. या बाईवर पुस्तकात वेगळं प्रकरण असणार होतं. खाली 'आवडलं' म्हणणाऱ्या अंगठ्यांची रांग. पहिलाच अंगठा ड्युएनचा, मग डेलचा, मग आमच्याच माणसांची बाकीची नावं. टोस्ट तोंडातच राहिला. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत या माणसांसाठी काय काय केलं, आणि हे!

कामावर गेले. स्वेटर घालून गेले, थंडी होती.

दहाच्या सुमारास ड्युएन आला. मॅरेथॉन काउंटीचे तीन ट्रक फाटकाशी उभे होते. "लव्हॉन, तेवढ्या बिल्ट्या काढतेस?"

"काढते," मी म्हटलं. जुनं सॉफ्टवेअर उघडलं, वजनं आपोआप आली, कागद बाहेर पडले. ते त्याच्या हातात देताना म्हटलं, "ड्युएन, तुझा अंगठा दिसला बरं का मला."

त्याने कागद मोजून घेतले. कान पुन्हा लाल झाले होते.

"सगळेच देत होते गं," तो म्हणाला, आणि ट्रक सोडायला गेला.