बैलाने खाल्लेले माप

मी एक जुनी कढई आहे, मित्रांनो. लोखंडाची, काळी, जाड बुडाची. मला पाहून नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि खरे सांगते, मला त्यांची कीव येते. कढई विकत घेताना माणूस किती मूर्ख होऊ शकतो, हे बाजारात पडून राहिल्याशिवाय कळायचे नाही.

तुळशीराम लोहाराने मला जाड पत्र्यातून ठोकून घडवले. गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचे तुकडे वाकवून त्याने माझे कान केले. मग धामणगाव बढ्याच्या बाजारात त्याने मला गोणपाटावर मांडले. गिऱ्हाईक येई, मला पालथी करी, काळी म्हणून खाली ठेवी. एकाने तर माझ्यात आपला चेहरा दिसतो का ते पाहिले. दिसला नाही म्हणून तो निघून गेला. त्या चेहऱ्यात पाहण्यासारखे काही नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शेवटी अन्नपूर्णाबाई आल्या. त्यांच्या हातात ज्वारीच्या धांड्याचा, म्हणजे वाळक्या ताटाचा, तुकडा होता. घरच्या चुलीच्या तोंडाएवढा तो बरोबर कापलेला होता. त्यांनी आधी माझ्या पोटात तळवा फिरवला, कुठे खोलगट, कुठे पातळ लागते का ते पाहिले. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग तो धांडा माझ्या पोटात आडवा टाकला. तो निम्म्या उंचीवर अडकला.

"हेच पाह्यजे," त्या म्हणाल्या. "अर्धं पोट चुलीत, अर्धं वर. चुलीचा जाय साऱ्या अंगाले लागते."

त्या एका बाईखेरीज मला निवडण्याची अक्कल त्या बाजारात कुणालाही नव्हती.

पुढे वीस वर्षे मी त्यांच्या चुलीवर राबले. वांग्याची भाजी, बेसन, सणासुदीला सांजोऱ्या. माझ्यात काही करपले असे कुणी म्हटले नाही. अन्नपूर्णाबाईंच्या हाताखाली त्यांची सून सत्यभामाबाई माझ्यावरच स्वयंपाक शिकली. माझी पारख तिला चांगली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच बाईचा मला सर्वात जास्त राग आला.

अन्नपूर्णाबाई गेल्या. त्यांच्या नातवाचे, इंद्रभानचे लग्न ठरले. तेव्हा त्याचे वडील उत्तमराव, म्हणजे सत्यभामाबाईंचे यजमान, यांना एकाएकी माझी लाज वाटू लागली. "सोयरे येतीन अन् चुलीवर हे कायं ठिक्कर पाहतीन! नवी आनतो," ते म्हणाले. सत्यभामाबाईंनी सासूच्या रीतीप्रमाणे चुलीच्या मापाचा धांडा कापून त्यांच्या हाती दिला. संध्याकाळी उत्तमराव चांदीसारखी चमकणारी कढई घेऊन आले. पत्रा पातळ, बूड सपाट, घेर परातीएवढा.

"अन् धांडा कुठी हाय?" सत्यभामाबाईंनी विचारले.

"गाडीत ठेवला होता. बैलानं खाल्ला," उत्तमराव म्हणाले. "त्याच्यावाचून काय अडलं? मले डोये नाईत का? दुकानदार सांगत होता, नागपूरच्या सायबाच्या खानसाम्याकडे अशीच कढई हाय!"

नागपुरात बसून साहेब साऱ्या वऱ्हाडाचा कारभार पाहत असेल, पण त्याच्या खानसाम्याने उत्तमरावांची चूल कधी पाहिली होती? बैलाने निदान धांडा खाऊन पोट तरी भरले. मालकाने काय मिळवले, ते त्यालाच ठाऊक.

मला गोठ्याशेजारी कोंबड्यांचे पाणी ठेवायला टाकले. माझ्या अंगावर गंज चढला. तिथून मला चुलीचा धूर दिसे आणि घरातली बोलणी ऐकू येत.

नवी सून कोकिळा मन लावून स्वयंपाक करी. पण ती चमकणारी बया चुलीवर धड बसतच नव्हती, एका अंगाला कलायची. जाळ लागे तो फक्त मधोमध. बेसन मध्ये करपे आणि काठाला कच्चे राही. तळण एका बाजूला काळे होई, दुसऱ्या बाजूला पांढरे. उत्तमराव ताट सरकवून म्हणत, "पोरीले हातच नाई." असे वर्षभर चालले. सत्यभामाबाईंना दोष कुणाचा ते पहिल्याच दिवशी कळले होते. पण नवऱ्याच्या खरेदीला नाव कोण ठेवणार? त्या गप्प राहिल्या. असल्या गप्प बसण्याला लोक सोशिकपणा म्हणतात. मी त्याला भित्रेपणा म्हणते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात आणि सण झाला की सासरचे त्यांना परत आणतात. कोकिळेला न्यायला तिचा भाऊ कडूबा येणार होता. उत्तमराव ओट्यावर बसून बायकोला म्हणाले, "जाऊ दे तिले. पन मंग परत आनाचं काऊन? कडूबा जेवला का त्याच्या तोंडावर सांगतो, रांधाले शिकल तवा धाडजा."

कोंबड्यांना पाणी घालायला आलेल्या कोकिळेने ते ऐकले. ती माझ्याजवळच मटकन खाली बसली. रडली. रडता रडता तिचा हात माझ्या काठावर पडला आणि ती थांबली. तिने पाणी ओतून दिले, माझ्या पोटातून तळवा फिरवला, टिचकी मारली. मग घरात ऐकलेल्या आजेसासूच्या रीतीप्रमाणे कडब्यातला एक धांडा उपसून ती चुलीकडे गेली आणि माप घेऊन आली. धांडा माझ्या पोटात निम्म्यावर अडकला. अन्नपूर्णाबाई गेल्यानंतर मला पहिल्यांदा कुणीतरी ओळखले होते. माझ्यासारख्या कडक बाईलाही तेव्हा भरून आले.

दोन दिवस तिने मला विटेच्या चुऱ्याने आणि राखेने घासले, तेल लावून तापवले, कांदा परतून टाकून दिला. सत्यभामाबाईंनी पाहिले आणि तोंड फिरवले.

कडूबा आला. पंगत बसली. कोकिळेने माझ्यात सांजोऱ्या तळल्या. सगळ्या एकसारख्या, बदामी. उत्तमरावांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, सातवी खाल्ली. मग मिशीवरून हात फिरवून ते पाहुण्याला म्हणाले, "पाह्यलं कडूबा? कढई चांगली असली का असं होते. म्या सोता पारखून आनली!"

मित्रांनो, इतकी वर्षे मी आगीवर बसते आहे, पण इतकी कधी तापले नव्हते.

तेवढ्यात सत्यभामाबाई उठल्या. फडक्याने माझे दोन्ही कान धरून त्यांनी मला चुलीवरून उतरवले आणि नवऱ्याच्या ताटासमोर आणून ठेवले.

"हे पाहा. तुमच्या मायची कढई. तुम्ही आनलेली तिकडं कोपऱ्यात हाय. पोरीचा हात पयल्या दिवसापासून असाच होता. मले ठाऊक होतं, अन् मी वर्षभर बोलली नाई." मग त्या कडूबाकडे वळल्या. "आखाजी झाली का पोरीले न्याले मी सोता येईन."

उत्तमरावांच्या हातातली आठवी सांजोरी हातातच राहिली.

सण सरला आणि सत्यभामाबाई खरेच गाडी जुंपायला लावून गेल्या, सुनेला घेऊन आल्या. माझा त्यांच्यावरचा राग निम्मा गेला. निम्मा अजून आहे, कारण ते वर्ष कोकिळेला कुणी परत देणार नाही.

ती चमकणारी आता कोंबड्यांचे पाणी सांभाळते. तिथेही ती कलतेच.

तर मित्रांनो, कढई घ्यायला जाल तेव्हा तिची चमक पाहू नका. पोटातून हात फिरवा, आवाज ऐका, घरच्या चुलीचे माप सोबत न्या आणि ते बैलापासून दूर ठेवा. मला घासा, तेलाचा हात लावा, ओली टाकू नका. आणि जेवण बिघडले तर रांधणारीला बोलण्याआधी एकदा चुलीवर काय ठेवले आहे ते पाहा. दोष कुणाचा ते तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच दिवशी सांगा. वर्षभर थांबू नका.

उत्तमराव अजूनही पाहुण्यांना सांगतात की कढई त्यांच्या घराण्याच्या पारखीची आहे. सांगू देत. ताटे वाढणारी कोकिळा तेव्हा नुसती माझ्याकडे पाहते.