सतरा नोंदी आणि दारावरचं घड्याळ

हस्तलिखितं ताडून पाहण्याच्या कामात एक नियम आहे. दोन प्रतींत एकच चूक सापडली, तर एक दुसरीवरून उतरवलेली असते. पुण्यात एका संग्रहात मी वीस वर्षं हेच काम करते. त्यामुळे फेब्रुवारीत गटाचा तक्ता उघडला तेव्हा संशय यायला वेळ लागला नाही.

गट म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकणाऱ्यांचा. मुंबईत आता नऊजण उरलेत. कोणतं परदेशी केंद्र, किती वाजता, किती स्पष्ट लागलं, मध्ये कसला व्यत्यय आला, हे ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचं आणि महिनाअखेरीला अपूर्वाकडे पाठवायचं. अपूर्वा परळला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सगळ्यांच्या नोंदी ती एका तक्त्यात लावते. बाबा गटातले सर्वांत जुने. माझगावच्या गोदीत वायरमन होते तेव्हापासून त्यांच्या वह्या आहेत. नऊ जानेवारीला नायगावच्या चाळीतल्या खोलीत दुपारच्या झोपेतच ते गेले. सहा वाजता शेजारच्या मीराबाई चहा द्यायला आल्या, तेव्हा कळलं.

तक्त्यात बाबांचे मित्र चिंतामणीकाका यांच्या नोंदी होत्या. ऑक्टोबर ते जानेवारी, चार महिन्यांच्या, बाबा गेल्यावर एकदम पाठवलेल्या. त्यातल्या सतरा बाबांच्या वहीशी जुळत होत्या, मिनिटासकट. आणि मिनिटं चुकीची होती. व्हिएतनामच्या हनोई केंद्राची सुरुवातीची धून जागतिक वेळेप्रमाणे बरोबर दहाला लागते. बाबांच्या वहीत ती ऑक्टोबरात नऊ एकोणसाठला लागली होती, नोव्हेंबरात नऊ अठ्ठावन्नला, जानेवारीत नऊ छप्पन्नला. त्यांचं घड्याळ मागे पडत चाललं होतं. काकांच्या नोंदीही तशाच, महिन्याला एक मिनिट मागे.

हे घड्याळ आमच्या दारावर, आतल्या बाजूला आहे. ते जागतिक वेळ दाखवतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जेवणवेळेला त्यात सकाळचे सात वाजलेले असत. चाळीत बाबांविषयी म्हणत, गौतमकडे कधीही जा, नाश्त्याची वेळ चुकत नाही.

काका लालबागचे. गिरणी सुटल्यावर त्यांनी टायपिंगचा वर्ग काढला होता. बाबांची त्यांची मैत्री चाळीस वर्षांची. गेल्या मे महिन्यात त्यांनी बाबांना रेडिओच्या एरियलची तार बांधायला गच्चीवर नेलं आणि तिथे बाबांना चक्कर आली. मी फोन करून काकांना सांगितलं, पुन्हा तिकडे फिरकू नका. शोकसभेत कुणी विचारलं नसताना ते म्हणाले होते, मेपासून या घराची पायरी चढलो नाही. मग बाबांची शेवटची वही मागितली, दोन दिवसांसाठी. ती पंधरा दिवसांनी परत आली.

अपूर्वाला मी फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून गटाचा नियम सांगितला. अशा जुळणाऱ्या नोंदी आल्या, तर कुणी कुणाचं उतरवलं हे ठरेपर्यंत दोघांच्याही बाद होतात. म्हणजे बाबांच्या शेवटच्या सतरा नोंदी तक्त्यातून जाणार होत्या. ज्या चार महिन्यांत मी त्यांना पाहिलंच नाही, त्यांचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग मीच सुचवलं की मार्चअखेर खोली रिकामी करायची आहे, त्याआधी बाबांच्या आठवणीसाठी तिथे एकत्र ऐकू या. सगळे एकाच रेडिओवर ऐकतील, पण लिहितील आपापलं, न बोलता, आणि नंतर मोठ्याने वाचतील. काकांना स्वतःहून काय ऐकू येतं, ते मला सर्वांसमोर पाहायचं होतं. आठवण हा बहाणा होता. अपूर्वाला तो कळला असावा, ती फक्त हो म्हणाली.

रविवारी तीनला सहाजण आले. मी पंखा आणि ट्यूबलाइट बंद केली, बाबांचा रेडिओसंच मेजावर ठेवला. संचातून सारखी घरघर येत होती. अपूर्वा शेजारचा कुणाचा चार्जर असेल म्हणून गॅलरीत जाऊन आली, पण घरघर थांबेना. काका उठले, कपाटामागे हात घातला आणि एक बटण बंद केलं. आवाज गेला.

"फ्रिज," ते म्हणाले आणि दारासमोरच्या पेटीवर जाऊन बसले.

तो फ्रिज मी दिवाळीत पुण्याहून ऑनलाइन मागवून दिला होता. बाबांनी त्याचा फोटो पाठवला होता. त्याचा प्लग कपाटामागे आहे, हे मलाच जानेवारीत कळलं. मी माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, फ्रिज.

साडेतीनला हनोईची धून लागली. सगळ्यांनी खाली पाहून लिहिलं. बहुतेकांनी मोबाइल समोर ठेवले होते, त्यांच्यात जागतिक वेळ लावलेली होती. काकांनी मात्र मान वर केली, दाराच्या वर पाहिलं आणि मग लिहिलं.

चारला आम्ही वाचायला बसलो. अपूर्वाने दहा वाजता लिहिलं होतं. रघुवीर नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी दहा. उरलेल्या तिघांनीही दहा. काकांनी चष्मा पुसला.

"नऊ चोपन्न," त्यांनी वाचलं.

रघुवीर हसले आणि म्हणाले, चिंतामणी सगळ्यांच्या आधीच हनोईला पोचतो.

मी म्हटलं, "काका, तुम्ही इथे येत होता."

त्यांनी नाकारलं नाही. वहीची पानं उगाच सरळ केली. मग सांगू लागले, बहुतेक माझ्याकडे न बघता. जूनपासून आठवड्यातून एकदा, कधी दोनदा यायचे. मी महिन्यातून ज्या रविवारी येत असे तो सोडून. सप्टेंबरनंतर मी येईनाशी झाले, तेव्हा रविवारीही. गच्चीवर पुन्हा कधी गेले नाहीत, तार गॅलरीतूनच सोडली होती. लालबागच्या त्यांच्या घरासमोर टॉवर झाल्यापासून तिथे घरघरीशिवाय काही लागत नव्हतं. बाबा होते तोवर नोंदी पाठवल्या नाहीत, कारण त्यांनी मना केलं होतं. म्हणाले होते, सुचू तक्ता वाचते, तिला कळेल. सुचू म्हणजे मी.

"आणि वही कशाला नेलीत?"

"माझा नाव खंय लिवल्यान काय, ता बघूक." ते भावनेत आले की मालवणीत शिरतात. "नाय लिवल्यान. सात महिने बाजूक बसलंय, एका पानार नाय. मग माझा माका वाईट वाटला. म्हणान पाठवलंय."

माझा विश्वास अजून बसला नव्हता. मी त्यांची वही मागितली. त्यांनी दिली, पण शेवटच्या पानावर अंगठा ठेवून. मी थांबले. अंगठा निघाला.

नऊ जानेवारीला दोन नोंदी होत्या. पहिली नऊ छप्पन्नची, बाबांच्या वहीतही होती ती. दुसरी तक्त्यात पाठवलेली नव्हती. दहा अकरा, हनोई, आवाज स्पष्ट. व्यत्ययाच्या रकान्यात टायपिंगवाल्याच्या नीट अक्षरात लिहिलं होतं, गौतमचं घोरणं.

"मी उठवूक नाय," काका म्हणाले. "रेडिओ बंद केलंय, दार ओढलंय आणि गेलंय. झोप लागली होती गे त्याका."

अपूर्वाने हळूच विचारलं, मग या सतरा नोंदी एकत्र ऐकलेल्या म्हणून लावायच्या का. तशी सोय असते, एक संच, दोन नावं. मी होकारार्थी मान हलवली. पण एक गोष्ट मला अजून सुटत नव्हती. दोघंही जुने ऐकणारे, दोघांनाही धून कधी लागते ते पाठ होतं. मग एवढं मागे पडलेलं घड्याळ कुणीच का लावलं नाही?

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मी त्याका म्हटलंय, स्टूल दी, मी लावतंय. तर म्हणता कसो, नको. सुचू येतली, ती लावतली."

चक्कर आल्यापासून बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, हा माझाच नियम होता. आले की मी चढायची, ते संचाला कान लावून बसायचे, धून लागली की आता म्हणायचे आणि मी काटा दहावर आणायची. शेवटचं सप्टेंबरात. संग्रहाच्या यादीचं काम निघालं होतं. ऑक्टोबरात एक मिनिट, नोव्हेंबरात दोन.

अपूर्वाने स्टूल पुढे ओढलं होतं. मी ते परत भिंतीशी लावलं.

काकांची वही अजून माझ्या हातात होती. मी ती पिशवीत ठेवू लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"दोन दिवस," मी म्हटलं.

त्यांनी पेटीवरून उठून कपाटामागे हात घातला आणि फ्रिज सुरू केला.