पोटात मारलेली लाथ

चेपलेला पत्रा सरळ करण्यात घणाचा हात धरणारं कुणी नव्हतं. गॅरेजात तो घण, घरात दादा. खरं नाव गिऱ्हाइकांनाही ठाऊक नसेल. अंगात बळ, नाकावर राग. त्या रागापायी दोन कारागीर काम सोडून गेले होते आणि एका गिऱ्हाइकाचा दात पडला होता. धाकटा भाऊ रंगकाम बघायचा, लोकांशी गोड बोलायचा, म्हणून धंदा टिकून होता.

ताई दोघांहून मोठी, एकेचाळीस वर्षांची. काही महिन्यांपूर्वी तिच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. वीतभर आतडं कापावं लागलं. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर एका सकाळी ती गॅरेजात आली, धापा टाकत स्टुलावर बसली आणि पिशवीतून एक कागद काढला.

"आपल्या घराण्यात कॅन्सर कुणाकुणाला झाला, ते डॉक्टरांनी मांडून दिलंय," ती म्हणाली. "आजोबा, आत्या, बाबा आणि मी. आत्याचं गर्भाशयाचं दुखणंही यातलंच. दोष रक्तात आहे, बाबांकडून आलेला. तुम्हा दोघांत असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तपासायला नुसतं रक्त द्यायचंय."

घणानं कागदाकडे बघितलंही नाही. "बाबा दारूनं गेले."

"नाही रे दादा," धाकटा म्हणाला. "ताईला त्यांचे जुने कागद सापडलेत. आतड्याचा कॅन्सर होता."

"दारूनं गेले म्हटलं ना!"

हातातला हातोडा दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या काचेवर बसला. काचेचा चुरा ताईच्या मांडीवर उडाला. धाकट्यानं धावत येऊन त्याचं मनगट धरलं. "उद्या तुला झालं म्हणजे—"

वाक्य पुरं झालंच नाही. घणानं त्याला गचांडी धरून लोखंडी बाकावर आपटलं. पहिला ठोसा जबड्यावर बसला, काहीतरी कटकन मोडलं. दुसरा बरगड्यांत. धाकटा खाली कोसळून वळवळू लागला, तशी घणानं लाथ उचलली आणि त्याच्या पोटात घातली.

धाकट्याच्या तोंडून हवा निघाल्यासारखा आवाज आला. तो आवाज घणानं आधी एकदा ऐकला होता. पुन्हा उचललेला त्याचा पाय हवेतच थबकला. तेवढ्यात ताईनं दोन्ही हातांनी चाकाचा पाना उचलून त्याच्या खांद्यावर हाणला.

"पुन्हा नाही!" ती किंचाळली. "पुन्हा नाही!"

धाकट्याचा जबडा मोडला होता आणि दोन बरगड्या. जबडा तारेनं बांधला. दवाखान्यात त्यानं पाटीवर लिहून सांगितलं, रॅम्पवरून पडलो. घण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत जायची छाती होईना. संध्याकाळी ताई शेजारी येऊन बसली.

"पुन्हा म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते."

कुठली दुपार, हे घणाला विचारावं लागलं नाही. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. बाबा भरदुपारी भिंतीला धरून झोकांड्या खात घरात आले आणि उंबऱ्यातच ओकले. वर्षानुवर्षं साठलेला संताप त्याच्या पायात उतरला. त्यानं पडलेल्या बापाच्या पोटात लाथ घातली. तीन महिन्यांनी बाबा गेले.

"ते पिऊन आले होते," तो म्हणाला.

"नव्हते. चार महिने थेंब घेतला नव्हता त्यांनी. अंगात रक्तच उरलं नव्हतं, म्हणून चक्कर यायची. शौचावाटे रक्त जातंय हे सांगायची लाज वाटायची. मी कपडे धुताना पाहिलं, तेव्हा मला शपथ घातली, घरात बोलू नकोस म्हणून."

"एकवीस वर्षं गप्प बसलीस?"

"सांगून काय करणार होते? दारूला शिव्या देत होतास तोवर धड जगत तरी होतास."

घण उठला आणि त्यानं भिंतीवर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ताईनं मधे तळहात घातला. तिच्या बोटांची हाडं कपाळाखाली दबली तेव्हा तो थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रक्त दिलं. धाकट्यानंही दिलं. महिन्याभरानं दोघांना निकालाला बोलावलं. मधल्या काळात घणानं मनाशी पक्कं धरलं होतं, दोष आपल्यातच निघणार. निघायलाच हवा.

निकाल समजावून सांगणाऱ्या बाई आधी घणाकडे वळल्या. "तुमच्यात दोष नाही." मग धाकट्याकडे. "तुमच्यात आहे."

घणानं खुर्ची उचलून कपाटावर भिरकावली. कपाटाचं दार आत गेलं. "अदलाबदल झालीय तुमची! बाटल्या बदलल्यात! परत बघा!"

बाई भिंतीला चिकटल्या. दोन रखवालदार धावत आले आणि त्यांनी त्याचे हात मागे पिरगाळले.

"खाली बस," धाकटा जबडा सांभाळत म्हणाला. "आपण इथं शिक्षा वाटून घ्यायला आलो नाही." मग त्यानं बाईंना विचारलं, "मी आता काय करायचं?"

बाई भिंतीपासून न हलताच सांगू लागल्या. दरवर्षी दुर्बिणीनं आतडं बघायचं. गाठी दिसल्या तर कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. गुंगी देतात, म्हणून सोबत माणूस लागतो.

सोबत घण गेला. आतडं साफ व्हायचं औषध घेऊन आदला अख्खा दिवस धाकट्यानं नुसत्या पाण्यावर आणि संडासात काढला होता. आतड्यात चार गाठी निघाल्या. एक बिघडायच्या बेतात होती. चारही काढल्या.

गुंगी पुरती उतरल्यावर, गाडीत, घणानं त्याला बाबांची गोष्ट सांगितली. उंबरा, ओकारी, लाथ, काहीच गाळलं नाही. त्या वेळी धाकटा नऊ वर्षांचा होता. तो समोर बघत ऐकत राहिला.

"आणि तीच लाथ मलाही," तो शेवटी म्हणाला.

"हो."

धाकट्यानं वळून ठोसा मारला. घणाचा ओठ फाटला, शर्टावर रक्त ओघळलं. त्यानं हात वर केले नाहीत.

"आणखी मार."

"हात दुखला," धाकटा म्हणाला. "आणि पोटात कालपासून काही नाही. आधी खायला घाल."

घणानं बाहीनं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली.

ताईची केमो संपली. धाकट्यानं रंगकामाची वेगळी शेड घेतली. घणानं अडवलं नाही. पत्र्याचं काम झालेल्या गाड्या आता तो स्वतः ढकलत तिकडे नेतो. दोघं रंगापुरतंच बोलतात. तपासणीच्या दिवशी मात्र धाकटा त्यालाच फोन करतो.