अबोलीचा शब्द

मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेली मरून टिकली जराशी सरकली होती, आणि कॅन्टीनच्या रांगेत उभी दुर्गा ती नखाने जागेवर ढकलत होती... घामाने सगळ्याच टिकल्या सरकतात, कपाळावरची काय नि फोनवरची काय. ऑनलाइन लिहिणारी आपण हे कळू नये म्हणून काय काय केलं होतं तिने — वेगळं सिमकार्ड, लोकेशन बंद, सामरवरणी गावातल्या खोलीची भिंतसुद्धा कुठे दिसू नये म्हणून स्वतःचा एकही फोटो नाही, आणि नाव घेतलं तेही 'अबोली', म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं कुणी कोकणातली असेल. जन्मात समुद्र न पाहिलेल्या बाईने समुद्राचं चित्रही लावलं होतं! एवढी हुशारी केली आणि घात केला तो एका शब्दाने.

अबोलीने लिहिलं होतं ते नरोलीतल्या आपल्याच सुताच्या कारखान्याबद्दल, नाव न घेता. पॅकिंगच्या बायकांच्या संडासाला शिफ्टभर कुलूप, चावी सुपरवायझरच्या खिशात, आणि ती मागताना — इथेच — 'बठ्ठ्या माना खाली घालतात.' सगळ्या, असं लिहायचं होतं. शाळेत बाईंनी घासूनपुसून दिलेली मराठी तिला येत होती, बाकी मजकूर त्याच मराठीत होता. पण त्या ओळीपाशी तिला राग आला आणि रागात आईची भाषा आली... माझ्याच बोटांनी मला विकलं. तिने ते पुसेपर्यंत लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. कुलूप मात्र अजून होतं तिथेच होतं.

आणि जयवंत. तोच चावीवाला सुपरवायझर, चिपळूणकडचा, गोड बोलणारा. ओरडणारा माणूस परवडला. पंधरा दिवसांपूर्वी बायका सुताचे कोन खोक्यात भरत असताना त्याने ते मोबाईलवरून मोठ्याने वाचलं आणि हसला. "अबोली म्हणे! ही आमच्याकडची नव्हे बुवा. बठ्ठ्या काय, बठ्ठ्या? धुळ्याकडची असणार कुणीतरी. वरून सांगितलंय, शोधा. सापडेल हो, बोलेलच कधीतरी."

बोलेलच कधीतरी. दुर्गाच्या कागदांवर सासरचं नाशिक होतं, त्यामुळे ती धुळ्याकडची आहे हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं; पण तोंडाचं काय करायचं? वाक्य आधी मनात जुळवायचं, चाळायचं, मग बोलायचं. 'तठे' नाही, तिथे. 'गंज' नाही, खूप. खोक्याच्या पट्टीने बोट कापलं तेव्हाही ओठांवर आलेलं 'माय वं' तिने दातांखाली दाबलं होतं. नोकरी ठेकेदाराची, खोलीही ठेकेदाराची. एक गेली की दुसरी गेलीच, आणि मग उरतं ते नाशिकचं घर, जिथून ती नेसत्या साडीनिशी बाहेर पडली होती. तिकडे परत जायचं नव्हतं. मेले तरी नाही. इकडे बाकीच्या बायकांना गंमतच सापडली होती — त्या आता "चला गं बठ्ठ्या" म्हणून एकमेकींना हाका मारत, आणि दुर्गालाही हसावं लागे, शब्द तेवढा गिळून... तिचाच शब्द त्यांच्या तोंडात मोकळा हिंडत होता. तिला त्यांचा हेवा वाटे.

ती ताट घेऊन बसली, तर जयवंत समोरच येऊन बसला.

"काय दुर्गाताई, हल्ली फार गप्प गप्प?"

"डोकं दुखतंय जरा." बरोबर होतं. अक्षरन् अक्षर तपासलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई. घेतला नाही तर घेईपर्यंत करत राहील, मग रडेल. आणि आईचं फोनवरचं बोलणं म्हणजे पलीकडच्या शेतात ऐकू जाईल असं. दुर्गाने आवाज कमी केला, फोन कानाशी गच्च दाबला.

"दुर्गा, जेवनी का वं माय? तठे बठ्ठा बरा शेतस ना?"

जयवंत वरणभात कालवत होता. त्याने मान वर केली नाही — की मुद्दामच केली नाही?

"हो, जेवतेच आहे," दुर्गा म्हणाली. "इथे सगळे बरे आहेत. तुम्ही कशा आहात?"

तुम्ही. आईला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग आईचा आवाज आला, पण परक्या बाईशी बोलताना ती काढते तसा, जपून, थोडा भिऊन.

"कोन बोली रायनं? बहीन, दुर्गाले फोन दे ना."

इतके दिवस ठाण मांडून बसलेली भीती एकाएकी उठून गेली. आईलाच सापडली नाही ती, जयवंतला कुठली सापडायला? आता बरं वाटायला हवं होतं. 'मीच शे माय' — घशाशी आलेलं तिने मनात जुळवलं, सवयीने चाळलं, आणि ते चाळणीतून उतरेना. पलीकडे आई वाट पाहत होती. समोर जयवंतचा घास हातातच थांबला होता.

"देते हं," ती म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून बसली.