बत्त्याविना खल

मी खलबत्त्यातला खल बोलतोय. पितळेचा, मुठीएवढा, विडा कुटायचा. माझा जोडीदार बत्ता सध्या घरात नाही, ते पुढे सांगतोच. पण आधीच बजावतो, मी माफी मागायला बसलेलो नाही.

दात पडलेल्या म्हाताऱ्यांना विडा चावता येत नाही, म्हणून माझी जात जन्माला आली. मला मात्र आणलं ते सगळे दात शाबूत असलेल्या माणसासाठी. आमचे मास्तर शिंपी, वय अवघं अठ्ठेचाळीस. मशीनवर बसले की गालात विडा, आणि दुपारपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच. "सुपारी असली की हात सरळ चालतो," म्हणायचे.

मग भाजी झोंबायला लागली. मास्तरांनी घरातली मिरची बंद केली. मग तोंडच उघडेना, जांभईसुद्धा अर्ध्यावर अडकायची. मास्तर डॉक्टरकडे गेले नाहीत. भांड्यांच्या दुकानात गेले आणि मला घेऊन आले. आजार म्हशीला, औषध पखालीला! वर गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "बघा कशी युक्ती काढली. चावायची कटकटच नाही."

चार वर्षं त्यांची बायको माझ्यात विडा कुटत होती. तिला ती नवऱ्याची सेवा वाटायची. सावध करायला मी जमेल तेवढा खणखणाट केला. पण घरच्यांना त्याचं कौतुकच.

एकदा लेक माहेरी आली. बाबा चहाच्या चमच्याने भात खाताहेत हे तिने पाहिलं आणि त्यांच्या गळ्यातली टेप ओढली.

"आ करा."

"अगं, जेवतोय ना."

"आ करा म्हणते ना!"

टेप पाऊण इंचावर थांबली.

"बाबा, तुमच्या कोटाचं काज याहून मोठं असतं."

"मी काय तंबाखू खातो? नुसती सुपारी!"

"हेच दवाखान्यात सांगा. चला."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तंबाखू नसली तरी तोंड नासवायला सुपारी एकटी पुरते." गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. गिळलेला रस अन्ननलिकेलाही सोडत नाही, म्हणून तिथेही दुर्बिणीने पाहिलं. ती वाचली होती. गालाचं ऑपरेशन झालं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी चपट्या लाकडी काड्या दिल्या. दातांत धरायच्या, रोज जमेल तशी एकेक वाढवायची, नाहीतर तोंड कायमचं मिटेल. मास्तरांनी काड्या खिडकीत टाकल्या आणि बोट केलं माझ्याकडे. बायको विरघळली. "एवढीशीच देते हं, अगदी बारीक कुटून." मला दोघांचाही असा संताप आला की वाटलं, आत्ताच्या आत्ता तडकावं. तिने फडताळात हात घातला. बत्ता गायब!

लेकीला फोन लागला.

"बत्ता माझ्याकडे आहे. हवा असेल तर बाबांनी स्वतः मागावा, तोंड उघडून. 'बत्ता दे' हे मला स्वच्छ ऐकू आलं पाहिजे." आणि तिने फोन ठेवला.

मास्तर लालबुंद झाले. कात्री आपटली. मग तणतणत खिडकीशी गेले आणि काड्या उचलल्या.

तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर उभे असतात. दातांत काड्या, डोळ्यांत पाणी आणि मनात लेकीला लाखोली. काल सात काड्या मावल्या. 'ब' येतो, 'त्ता' अजून अडखळतो.

तुम्हालाही सांगून ठेवतो. धडधाकट दातांच्या माणसासाठी कुणी माझ्यासारखा खल घरी आणला, तर खल भंगारात घाला आणि माणसाला दवाखान्यात न्या. मी वितळायला तयार आहे, सुपारी घ्यायला नाही.

मास्तर बत्ता मागतील, चांगला खणखणीत मागतील. लेक तो देणार नाही. पण एवढ्यात त्यांना कुणी हे सांगू नका.