तंगवेल अय्यांच्या मागचा रंग

तंगवेल अय्या कुठल्या पक्षात जाणार, हे अख्ख्या मदुरैत दोघांनाच ठाऊक होतं: अय्यांना आणि मला. अय्यांना ठाऊक होतं असं म्हणणं जरा जास्तच झालं. पण निवडणुकीच्या फलकावर पुढाऱ्याच्या चेहऱ्यामागे पक्षाचा रंग लागतो, आणि फलक रंगवणारा मी. फलक कुणी पाहिला की गुपित फुटलं. म्हणून अय्यांनी मला बारा फुटी फलकासकट तांदळाच्या गोदामात घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या धिप्पाड राखणदाराच्या, विरुमांडीच्या कमरेला. विरुमांडी दारात बसला की कुलूप तसं शोभेपुरतंच होतं.

"दोन दिवसांचं काम, सोणै तंबी," तो म्हणाला.

तो सोमवार होता. शुक्रवारी तीन वाजता मला मुलगी बघायला जायचं होतं. याआधी सहा घरांनी 'बोर्ड रंगवणारा' म्हणून नकार दिला होता. सातव्यांनी निदान कॉफीला बोलावलं होतं.

सोमवारी पक्ष हिरवा होता. आमच्याकडे पुढारी प्रत्यक्षात कसाही असो, फलकावर गुलाबीच असतो. मी अय्यांना गुलाबी केलं आणि मागे हिरवा भरला. अय्या आले, बघत राहिले.

"मी प्यायलोय का रे?"

"नाही अय्या. हिरव्यावर गुलाबी लाल दिसतो. चेहऱ्याला मी हातही लावलेला नाही."

"मतदारांना हे तू घरोघर जाऊन सांगणार?"

मी चेहरा फिका केला. तोवर बुधवार उजाडला आणि बोलणी तांबड्या पक्षाशी सुरू झाली. मागे तांबडा लावला, तर फिके केलेले अय्या हिरवट पडले. विरुमांडी म्हणाला, "आमचा आजा गेला तेव्हा असाच दिसत होता." मी चेहरा परत गुलाबी केला. गुरुवारी पक्ष पिवळा झाला आणि अय्या निळसर पडले, विहिरीतून काढल्यासारखे.

"अण्णे, उद्या तासभर सोडा," मी विरुमांडीला म्हणालो. "मुलगी बघायचीय."

"मुलगी कुठं पळतेय? अय्या मात्र पळतायत. आधी ते एका जागी बसू देत."

शुक्रवारी तीन वाजले. मी पिवळ्यासमोर बसून राहिलो. साडेचारला खिडकीच्या गजांबाहेर एक पांढरी मिशी आली.

"सोणैमुत्तू इथंच कोंडलाय ना? मी मुलीचा बाप. आमच्याकडं केसरीचा शिरा गार झाला."

"मामा, बाहेर येता येत नाही."

"मग मी इथूनच बघतो. मुलगीही आलीय, रिक्षात बसलीय. जरा मागं सरक, नीट दिसू दे."

मागे सरकायचं म्हणजे त्या पिवळ्यासमोर. अय्या गुलाबी असून निळे पडले होते. मी तर मुळातच काळा. सातवं घरही हातचं जाणार, हे मला चार दिवसांच्या अनुभवावरून स्पष्ट दिसत होतं.

"मामा, पाच मिनिटं द्या."

"आता काय पावडर लावतोस?"

कोपऱ्यात ब्रश धुवायचा डबा होता. हिरवा, तांबडा, पिवळा, चार दिवसांचे सगळे पक्ष त्यात गेले होते आणि एकमेकांत मुरून राखाडी झाले होते. त्यात उरलेला पांढरा ओतला, अय्यांच्या भोवतीचा सगळा पिवळा त्यानं झाकला, आणि अय्यांच्या कानापाशी जाऊन उभा राहिलो.

मामांनी बराच वेळ पाहिलं. रिक्षाकडे जाऊन आले.

"काळा आहेस."

"हो मामा."

"पण जेवढा आहेस तेवढाच दिसतोस. पोरगी म्हणते, चालेल. आवणी महिन्यात मुहूर्त धरू."

तेवढ्यात दार उघडून अय्या आत आले. फलकासमोर थांबले. गाल गालासारखे होते, कपाळ कपाळासारखं.

"हा कुठला पक्ष?"

"कुठलाच नाही, अय्या."

"चार दिवसांत पहिल्यांदा मी जिवंत दिसतोय." त्यांनी दाराकडे हाक मारली. "विरुमांडी, सगळ्यांना नाही म्हणून कळव. आपण आपलाच पक्ष काढतोय. झेंडा हाच." मग माझ्याकडे वळले. "तंबी, असे दोनशे फलक लागतील. जाहीर होईपर्यंत बाहेर चकार शब्द जाता कामा नये."

कुलूप लागल्याचा आवाज आला.

"ह्याला सोडणार कधी?" मामांनी बाहेर विचारलं.

"मतदान झालं की," विरुमांडी म्हणाला. "पुरट्टासीत."

आवणी पुरट्टासीच्या आधी येते. मामांनी बोटांवर महिने मोजले, परत मोजले. मग खिडकीपाशी येऊन दोन गजांमधून आपला हात कोपरापर्यंत आत घातला आणि बाहेर काढला.

"तुझे दोन्ही हात एकदम बाहेर काढून बघ," ते म्हणाले. "मुलीच्या गळ्यात ताळी बांधताना तीन गाठी मारायच्या असतात."